तीन पेन्सांचा कर, वीस दिवसांची मुदत: बोस्टनच्या चहाचे प्रकरण

16 डिसेंबर 1773 च्या रात्री बोस्टन बंदरात चहाच्या 340 पेट्या फोडून समुद्रात ओतल्या गेल्या. वजन सुमारे 92,000 रत्तल, किंमत 9,659 पौंड. (वजनाला इथे जुना शब्द रत्तल आणि चलनाला पौंड म्हटले आहे, नाहीतर दोन पौंडांचा घोळ होतो.) या चहावर सरकारला मिळणारा कर रत्तलामागे 3 पेन्स होता. म्हणजे 2,76,000 पेन्स. तेव्हा 240 पेन्सांचा एक पौंड होत असे, त्या हिशेबाने एकूण 1,150 पौंड.

शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकतात: ब्रिटिशांनी चहावर जादा कर लादला म्हणून अमेरिकनांनी चहा फेकला. हे बरोबर नाही. त्या वर्षी चहावरचा कर एका पैशानेही वाढला नव्हता, उलट चहा स्वस्त होऊन येत होता. स्वस्त चहा लोकांना का नको झाला, तोच चहा चार बंदरांत गेला असताना स्फोट एकाच बंदरात का झाला, आणि 1,150 पौंडांच्या वसुलीसाठी लंडनने अख्ख्या वसाहतीची सनद का मोडली, या तीन गोष्टी उलगडल्या की साम्राज्य नेमके कुठे फाटले ते दिसते. ते चहाच्या रात्री फाटले नाही. त्यानंतर नऊ महिन्यांनी, एका परगण्याच्या गावात, एकही गोळी न सुटता फाटले.

आधीचा हिशेब

फ्रान्सशी चाललेले सात वर्षांचे युद्ध 1763 मध्ये संपले तेव्हा ब्रिटनच्या डोक्यावरचे कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून 12 ते 13 कोटींवर गेले होते. त्यातच अमेरिकेत सुमारे 10,000 सैनिक कायम ठेवायचे ठरले. सैन्य वसाहतींच्या रक्षणासाठी आहे, तेव्हा थोडा खर्च त्यांनी उचलावा, ही लंडनची भूमिका. नुसती ऐकली तर ती गैर वाटत नाही.

1764 च्या साखर कायद्याने काकवीवरची जकात गॅलनमागे 6 पेन्सांवरून 3 पेन्स केली. कर अर्धा झाला आणि लोक भडकले, कारण 6 पेन्स कोणी भरतच नव्हते, आणि 3 पेन्स मात्र खरोखर वसूल होणार होते. चहाच्या प्रकरणात हाच खेळ पुन्हा दिसतो.

मार्च 1765 मध्ये मुद्रांक कायदा आला. वर्तमानपत्र, करारपत्र, वकिलीची सनद, पत्त्यांचा जोड अशा सगळ्यांना शिक्क्याचा कागद लागणार होता. पत्त्यांच्या एका जोडावर 1 शिलिंग, फाशांवर 10 शिलिंग. ज्यांच्या हातात छापखाना आणि ज्यांच्या तोंडात कायदा, नेमक्या त्याच दोन धंद्यांना, म्हणजे छपाईवाल्यांना आणि वकिलांना, लंडनने एका फटक्यात दुखावले. बोस्टनच्या मुद्रांक अधिकाऱ्याचा पुतळा 14 ऑगस्टला टांगला गेला. 26 ऑगस्टला उपगव्हर्नर टॉमस हचिन्सनचे घर जमावाने आतून पार उद्ध्वस्त केले. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. मार्च 1766 मध्ये कायदा मागे घेतला गेला. पण त्याच दिवशी दुसरा कायदा मंजूर झाला की वसाहतींवर कोणत्याही बाबतीत कायदा करण्याचा अधिकार पार्लमेंटला आहे. सुंभ जळाला, पीळ राहिला.

1767 मध्ये अर्थमंत्री टाउनशेंडने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांच्यावर आयातकर बसवले. बहिष्कार झाला, बोस्टनमध्ये पलटणी उतरल्या, 5 मार्च 1770 ला सैनिकांच्या गोळीबारात पाच माणसे मेली. योगायोग असा की त्याच दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने हे कर काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. चार कर गेले, चहावरचे 3 पेन्स ठेवले. अधिकाराची खूण म्हणून काहीतरी राहायला हवे, हा हेतू. हत्ती गेला आणि शेपूट मुद्दाम ठेवून घेतले.

या शेपटाचे पैसे कुठे जाणार होते, ते बहुतेकांच्या नजरेतून सुटते आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचे वाटते. वसाहतीचा गव्हर्नर राजा नेमत असे, पण त्याचा पगार वसाहतीची विधानसभा दरवर्षी मंजूर करत असे. नेमणूक वर, पगार खाली. त्यामुळे गव्हर्नराला सभेशी जुळवून घ्यावेच लागे. टाउनशेंडच्या कायद्यात लिहिलेले होते की या करातून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार थेट देता येतील. 1772 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या, म्हणजे बोस्टन ज्या वसाहतीत होते तिच्या, वरिष्ठ न्यायाधीशांनाही राजाकडून पगार मिळणार अशी बातमी आली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये बोस्टनच्या नगरसभेने पत्रव्यवहार समिती नेमली आणि गावोगाव पत्रे धाडली. चहा यायच्या आधी वर्षभर हे जाळे विणून तयार होते. तीन पेन्सांच्या मागे हा प्रश्न होता: आपल्या न्यायाधीशाचा पोशिंदा कोण?

कंपनीची वखार

आता दुसरे टोक. 1772 च्या जूनमध्ये लंडनच्या पेढ्यांवर पतसंकट कोसळले आणि ईस्ट इंडिया कंपनी अडचणीत आली. बंगालमध्ये 1769-70 च्या दुष्काळाने हाहाकार केला होता, म्हैसूरशी युद्ध नुकतेच झाले होते, 1767 पासून सरकारला वर्षाला 4 लाख पौंड द्यायचे कबूल केलेले, तरी भागधारकांना लाभांश साडेबारा टक्क्यांपर्यंत चढवलेला. आणि लंडनच्या वखारीत न खपलेला सुमारे 1 कोटी 70 लाख रत्तल चहा पडून होता. हा चहा सगळा चीनचा. आसामच्या चहाला अजून सहा-सात दशके अवकाश होता.

पार्लमेंटने कंपनीला 14 लाख पौंडांचे कर्ज दिले आणि त्या बदल्यात रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट गळ्यात बांधला. मराठी वाचकाला हा कायदा वेगळ्या दाराने माहीत असतो: याच कायद्याने मुंबईकर इंग्रजांना कलकत्त्याच्या हाताखाली टाकले, आणि म्हणून मुंबईने 1775 मध्ये रघुनाथरावाशी केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने मोडून 1776 मध्ये पुरंदरचा तह केला. बोस्टनचा चहा आणि पुण्याचे ते राजकारण ही एकाच दिवाळखोरीची दोन पोरे.

चहा कायद्याला 10 मे 1773 ला राजाची मंजुरी मिळाली. त्याची यंत्रणा अशी. आधी कंपनीला चहा लंडनमध्ये लिलावानेच विकावा लागे. लंडनचा घाऊक व्यापारी तो घेई, अमेरिकेतल्या घाऊक व्यापाऱ्याला पाठवी, तो किरकोळ दुकानदाराला. प्रत्येक पायरीवर नफा चढे, शिवाय ब्रिटनमध्ये भरलेली जकात होतीच. ती अमेरिकेला माल पाठवताना 1772 पासून पूर्ण परत मिळत नव्हती. हॉलंडमधून चोरट्या मार्गाने येणारा चहा त्यामुळे सहज स्वस्त पडे. नव्या कायद्याने ब्रिटनमधल्या जकातीचा पूर्ण परतावा दिला आणि कंपनीला स्वतःच्या अडत्यांमार्फत थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली. मधल्या दोन पायऱ्या गळाल्या. कायदेशीर चहा चोरट्या चहाच्या भावात, कदाचित त्याहून खाली, बसणार होता. अमेरिकेतले 3 पेन्स मात्र तसेच ठेवले.

ते काढा, असे पार्लमेंटमध्ये नॉर्थला सुचवले गेले होते. काढले असते तर चहा आणखी स्वस्त झाला असता, कंपनीचा माल खपला असता आणि भांडायला कारण उरले नसते. नॉर्थने नकार दिला. त्या वर्षी पाठवलेल्या सुमारे 6 लाख रत्तल चहावर हे 3 पेन्स म्हणजे फार तर 7,500 पौंड होतात.

वसाहतीत या स्वस्ताईने तीन वेगवेगळ्या माणसांना एकत्र आणले. चोरटा माल आणणारा बुडणार होता. प्रामाणिकपणे लंडनहून चहा मागवणाराही बुडणार होता, कारण अडत कंपनीने मूठभर मर्जीतल्या पेढ्यांना दिली होती. आज चहा, उद्या दुसरे काही. आणि राजकारण करणाऱ्याला भीती होती ती गिऱ्हाइकाची: स्वस्त चहा बाजारात आला की लोक तो घेणार, तो घेताना कर भरणार, आणि दहा वर्षे नाकारलेला हक्क चहाच्या घोटाबरोबर गिळला जाणार. त्यामुळे चहा दुकानापर्यंत पोहोचूच द्यायचा नाही, हे ठरले.

वीस दिवस

सात जहाजे निघाली. चार बोस्टनला, आणि न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, चार्ल्सटन यांना एकेक. बोस्टनच्या चारांपैकी विल्यम हे जहाज केप कॉडच्या किनाऱ्यावर फुटले. डार्टमथ 28 नोव्हेंबरला बोस्टनमध्ये शिरले. एलेनॉर डिसेंबरच्या सुरुवातीला आले. बीव्हरवर देवीची लागण निघाल्यामुळे ते आधी बेटावर विलगीकरणात राहिले आणि 15 तारखेला धक्क्याला लागले.

नियम असा होता की बंदरात आलेल्या मालाची जकात वीस दिवसांत भरली नाही तर जकात खात्याने माल जप्त करावा. डार्टमथची मुदत 16 डिसेंबरच्या मध्यरात्री संपत होती. म्हणजे 17 ला सकाळी जकातवाले युद्धनौकेच्या पहाऱ्यात चहा उतरवून घेऊ शकत होते.

29 नोव्हेंबरला सभा भरली. फॅन्युएल हॉल पुरेना म्हणून ओल्ड साउथ प्रार्थनागृहात हलवली. नेहमीच्या नगरसभेत मतदार बसत. इथे कोणालाही मुभा होती, आसपासच्या गावांनाही. ठराव झाला: चहा ज्या जहाजातून आला त्याच जहाजातून, कर न भरता, परत जाईल. 25 माणसांचा पहारा जहाजावर बसला. आणि इथे आंदोलकांनी स्वतःच एक गाठ मारून घेतली. त्यांनी डार्टमथला ग्रिफिनच्या धक्क्यावर आणून लावायला सांगितले, म्हणजे नजर ठेवता येईल आणि जहाजावरचा बाकीचा माल उतरेल. पण बंदरात आलेल्या जहाजाची जकात खात्यात नोंद झाली की ते मोकळे राहत नाही. फिलाडेल्फियाने हीच चूक टाळली.

जहाजाच्या मालकीतला तरुण फ्रान्सिस रॉच याची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली. रॉच मंडळी क्वेकर या ख्रिस्ती पंथाची, धंदा व्हेलच्या तेलाचा. चहा हे परतीचे भाडे होते, इतकेच. त्याच्या चारही बाजू बंद होत्या. सभा चहा उतरवू देईना. जकात खाते म्हणे, चहा उतरवून कर भरल्याशिवाय निघण्याचा दाखला नाही. दाखला नसेल तर गव्हर्नराचा पास हवा, नाहीतर कॅसल विल्यम किल्ल्याच्या तोफा जहाज अडवणार. आणि यातून सुटून इंग्लंडला पोहोचला तरी एकदा निर्यात केलेला चहा परत आणणे कायद्याने गुन्हा. जहाज आणि माल दोन्ही जप्त.

यातली एकच गाठ माणसाच्या हातात होती: गव्हर्नराचा पास. गव्हर्नर होता टॉमस हचिन्सन, 1765 मध्ये ज्याचे घर लुटले गेले तोच. बोस्टनच्या अडत्यांत त्याची दोन मुले होती. बाकी अडत्ये, क्लार्क, फॅन्युएल, विन्सलो, हे त्याच वर्तुळातले, आणि आता सगळे कॅसल विल्यमच्या आश्रयाला गेलेले. हचिन्सनचा स्वतःचा पगार चहाच्या करातून येत होता. वाईट माणूस म्हणून त्याला रंगवण्यात अर्थ नाही. मुद्रांक कायदा त्यालाही पसंत नव्हता. पण जमावापुढे एकदा मान तुकवली की पुन्हा वर करता येत नाही, हे 1765 मध्ये तो शिकला होता असे दिसते, आणि वीस दिवस भरले की कायदाच आपले काम करील असा त्याचा हिशेब होता. लंडनने त्याला अमुकच करावे असे सांगितले नव्हते. इतर बंदरांतल्या अधिकाऱ्यांनी काणाडोळा केला. बोस्टनमध्ये चहापेक्षा किटली गरम निघाली.

16 तारखेला सकाळी सभेने रॉचला मिल्टनला, हचिन्सनच्या घरी, पास मागायला पाठवले. ओल्ड साउथमध्ये आत-बाहेर मिळून पाच हजारांवर माणसे थांबली. गावाची वस्ती तेव्हा सोळा हजारांच्या आसपास होती. रॉच परतला तेव्हा अंधार पडून मेणबत्त्या लागल्या होत्या. उत्तर: जकातीचा दाखला नाही, म्हणून पास नाही. त्याला विचारले, जहाज परत नेशील का? तो म्हणाला, नेले तर माझे दिवाळे निघेल. सरकारी अधिकाऱ्याने हुकूम केला तर चहा उतरवशील का? कदाचित प्रयत्न करीन, स्वतःच्या बचावापुरता. आंदोलकांचा पुढारी सॅम्युएल अ‍ॅडम्सने सभेला आता करण्यासारखे काही उरले नाही असे जाहीर केले, आणि थोड्याच वेळात बाहेर आरोळ्या ऐकू आल्या.

पुढचे काम मजुरीचे होते. शंभर-सव्वाशे माणसे, तोंडाला काजळी, अंगावर घोंगड्या, वरवर मोहॉक आदिवासींचे सोंग. तीन टोळ्या, तीन जहाजे. कप्तानाकडून किल्ल्या आणि मेणबत्त्या मागून घेतल्या. पेट्या तळघरातून दोरखंडाने वर ओढायच्या, डेकवर कुऱ्हाडीने फोडायच्या, आतला शिशाचा पत्रा फाडायचा आणि चहा कठड्यावरून ओतायचा. 240 पेट्या बोही नावाच्या जाडसर काळ्या चहाच्या होत्या, भल्या दांडग्या. उरलेल्या काँगू, सूचाँग, सिंग्लो आणि हायसनच्या, लहान. सिंग्लो आणि हायसन हिरवे. त्या दोन्हींच्या मिळून 75. तीन तास लागले.

ओहोटी होती. जहाजांच्या कडेला पाणी इतके उथळ की चहा बुडेना. त्याचे ढीग गवताच्या गंजीसारखे वर येऊन पुन्हा जहाजात सांडू लागले, तेव्हा काही पोरांना खाली उतरवून ते ढीग ढकलायला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यालगत तरंगणारा चहा होड्यांतून जाऊन वल्ह्यांनी बडवून बुडवला, कोणी वेचून नेऊ नये म्हणून. कोटाच्या अस्तरात चहा भरणाऱ्या एकाला तिथेच पकडून चोप दिला. चहाखेरीज काही मोडले नाही. एक कुलूप तुटले, ते बदलून दिले. काही अंतरावर युद्धनौका नांगरलेल्या होत्या, किल्ल्यात पलटण होती. कोणी बोलावले नाही, म्हणून कोणी आले नाही.

बाकीची तीन बंदरे

हे प्रकरण अभ्यासायला सोपे आहे कारण शेजारी तुलना तयार आहे. कायदा एक, माल एक, हंगाम एक.

चार्ल्सटनला लंडन नावाचे जहाज 2 डिसेंबरला आले. अडत्यांनी दबावाखाली काम सोडले. कर कोणीच भरला नाही. वीस दिवस झाले, जकात अधिकाऱ्याने 22 डिसेंबरला 257 पेट्या जप्त करून एक्स्चेंज इमारतीच्या तळघरात टाकल्या, आणि विषय संपला. हा चहा 1776 मध्ये बंडखोर सरकारने विकून युद्धाला पैसा उभा केला.

फिलाडेल्फियात अडत्यांनी जहाज यायच्या आधीच काम सोडले. पॉली जहाजाच्या कप्तान एअर्सला नदीत खालीच गाठले, जकात खात्यात नोंद होण्याआधी, आणि गावात नेऊन सुमारे आठ हजारांची सभा दाखवली. त्याने पाणी आणि शिधा भरला आणि परतीची वाट धरली. न्यूयॉर्कचे नॅन्सी वादळात भरकटून एप्रिल 1774 मध्ये पोहोचले आणि तसेच माघारी गेले.

बोस्टनमध्ये वेगळे काय होते? अडत्ये हटले नाहीत, कारण पाठीशी गव्हर्नर आणि किल्ला. जहाजे नोंदीच्या आत आली. आणि पास देण्याचा अधिकार ज्याच्याकडे, तोच अडत्यांचा बाप. पण चार्ल्सटनचे उदाहरण आंदोलकांनाही सोडत नाही: जप्ती झाली म्हणजे कर भरला गेला असे होत नव्हते. बोस्टनवाल्यांचे म्हणणे असे की किल्ल्यात बसलेल्या अडत्यांनी जप्त माल कर भरून सोडवला असता. भीती रास्त होती, पण चहा नष्ट करण्यावाचून मार्गच नव्हता हे खरे नाही. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा लंडनमध्ये होता, आणि कंपनीला भरपाई द्यावी असेच त्याचे मत पडले.

शिक्षा

बातमी जानेवारी 1774 मध्ये लंडनला पोहोचली. गुन्हेगार कोण हे शोधणे अवघड होते. साक्ष कोण देणार? तेव्हा सरकारने माणसांऐवजी गाव धरले. 31 मार्चच्या बंदर कायद्याने 1 जूनपासून बोस्टन बंदर बंद. कंपनीची भरपाई होईपर्यंत, आणि इथे व्यापार सुरळीत होईल व जकात मिळेल अशी राजाची खात्री पटेपर्यंत. दुसरी अट जाणूनबुजून सैल होती. पैसे दिले तरी बंदर उघडेलच असे नव्हते. शिवाय कायद्याची प्रत बोस्टनला 10 मेच्या सुमारास पोहोचली. अमलाला तीन आठवडे उरले होते. लंडनशी पत्राची जा-ये दोन-अडीच महिन्यांची, तेव्हा माफी मागायची म्हटली तरी वेळ नव्हता.

लंडनचा अंदाज असा की बाकीची बंदरे बोस्टनचा व्यापार गिळायला टपलेली असतील. झाले उलटे. कनेक्टिकटमधल्या विंडम गावाने 258 मेंढ्या हाकून पाठवल्या. कॅरोलिनातून तांदूळ आला. चहा बुडवण्याला ज्यांनी नाके मुरडली होती, त्यांनाही आता प्रश्न पडला: आज बोस्टनचे बंदर, तर उद्या आपले का नाही? व्हर्जिनियाच्या सभागृहाने 1 जूनला उपवास जाहीर केला, तर गव्हर्नराने सभागृहच बरखास्त केले. सदस्य जवळच्या रॅले खानावळीत जाऊन बसले.

पण त्या वर्षी शिक्षा म्हणून केलेल्या चार कायद्यांपैकी बंदर बंद करणे हा सौम्य कायदा होता. खरा घाव 20 मेच्या मॅसॅच्युसेट्स शासन कायद्याने घातला. 1691 च्या सनदेप्रमाणे वसाहतीचे कौन्सिल निवडून येत असे. आता ते राजा नेमणार. न्यायाधीश आणि शेरीफ गव्हर्नर नेमणार. ज्युरी गावे निवडत, ती आता शेरीफ बोलावणार. गावसभा वर्षातून एकदाच. जास्त हवी तर गव्हर्नराची परवानगी. चहाशी ज्याचा काडीचा संबंध नव्हता अशा डोंगरातल्या शेतकऱ्याचा जमिनीचा दावा, कर्जाचा खटला, गावची बैठक, सगळे एका कागदाने परक्याच्या हातात गेले. बंदराचे भांडण गावागावाच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडण्याचे काम पार्लमेंटने स्वतः केले.

वुस्टर, 6 सप्टेंबर 1774

हचिन्सन इंग्लंडला गेला होता, जागी सेनापती टॉमस गेज आला होता, बोस्टनमध्ये पलटणींवर पलटणी उतरत होत्या. बाहेर मात्र कायदा लागू करायला माणूस मिळेना. राजाने नेमलेल्या कौन्सिलरांच्या दारात शेजारी जमत आणि राजीनामा लिहून घेत. ज्युरीत बसायला कोणी येईना. ऑगस्टमध्ये पश्चिमेला ग्रेट बॅरिंग्टनचे न्यायालय गर्दीने उघडू दिले नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्याच वुस्टर या परगण्याच्या गावी 6 सप्टेंबरला परगण्याचे न्यायालय भरायचे होते. 37 गावांच्या तुकड्या आपापल्या निवडलेल्या नायकांसह पहाटेपासून येत राहिल्या. कोणीतरी गाववार मोजदाद केली: 4,622 माणसे. न्यायालय त्यांनी आधीच अडवले होते, न्यायाधीश जवळच्या खानावळीत. निरोपांची ये-जा दिवसभर चालली, कारण राजीनाम्याचा मजकूर प्रत्येक गावाच्या तुकडीला पसंत पडायला हवा होता. शेवटी मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा लागल्या. न्यायाधीश, शेरीफ, वकील अशी सगळी मंडळी हातात टोप्या घेऊन मधून चालू लागली. मागच्याला ऐकू गेले पाहिजे, म्हणून थांबत थांबत आपला कबुलीजबाब वाचत गेली, तीसेक वेळा. एक गोळी नाही, एक दगड नाही.

गेज वुस्टरला सैन्य पाठवणार होता. पण पाचच दिवस आधी त्याच्या शिपायांनी बोस्टनजवळच्या कोठारातून दारूगोळा उचलला, तेव्हा गोळीबाराच्या नुसत्या अफवेने हजारो माणसे रस्त्यावर आली. त्याने बेत रद्द केला आणि बोस्टनची तटबंदी पक्की करायला घेतली. बोस्टनबाहेर मॅसॅच्युसेट्समध्ये राजाचा अंमल जवळजवळ संपला तो इथे. 4 ऑक्टोबरला वुस्टरच्या गावसभेने आपल्या प्रतिनिधीला सूचना दिली की नवे सरकार उभे करा. फिलाडेल्फियाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अजून एकवीस महिने होते.

पुढचे थोडक्यात

5 सप्टेंबर ते 26 ऑक्टोबर 1774 या काळात फिलाडेल्फियात बारा वसाहतींची काँग्रेस, म्हणजे प्रतिनिधींची सभा, भरली, जॉर्जिया नव्हती. तिथे स्वातंत्र्य कोणी मागितले नाही. पण तिने केलेला व्यापारबंदीचा करार तारखांनिशी होता: 1 डिसेंबर 1774 पासून आयात बंद, 1 मार्च 1775 पासून ब्रिटिश माल वापरणे बंद, आणि मागण्या मान्य न झाल्यास 10 सप्टेंबर 1775 पासून निर्यातही बंद. निर्यात शेवटी ठेवली, कारण व्हर्जिनियाच्या तंबाखूवाल्यांचे पीक विकून व्हायचे होते. अकरावे कलम सगळ्यात धारदार: प्रत्येक परगणा, शहर आणि गावात समिती, आणि मोडणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात. या समित्या वह्या तपासू लागल्या, माल अडवू लागल्या, तंटे सोडवू लागल्या. म्हणजे सरकार झाल्या. ब्रिटनची वसाहतींना होणारी निर्यात 1775 मध्ये 90 टक्क्यांहून अधिक पडली.

19 एप्रिल 1775 ला गेजने काँकर्डचा शस्त्रसाठा पकडायला सुमारे 700 शिपाई पाठवले. परतीच्या वाटेवर कुंपणाआडून गोळ्या बसत गेल्या. ब्रिटिशांचे 73 मेले, वसाहतवाल्यांचे 49. जुलैत काँग्रेसने राजाला अखेरचा अर्ज पाठवला. राजाने तो न स्वीकारता 23 ऑगस्टला वसाहती बंडखोर ठरवल्या, डिसेंबरमध्ये पार्लमेंटने त्यांचा सगळा व्यापार बंद करून जहाजे जप्तीला मोकळी केली. राजाच संरक्षण काढून घेतो म्हटल्यावर राजनिष्ठेची बाजू मांडणाऱ्याला तोंड उरले नाही. 2 जुलै 1776 ला स्वातंत्र्यावर मतदान, 4 तारखेला जाहीरनाम्याचा मसुदा मंजूर.

फेब्रुवारी 1778 मध्ये फ्रान्सने अमेरिकेशी तह केला आणि युद्ध जगभर पसरले. आधीच्या वर्षी पुण्यात आलेला फ्रेंच दूत सेंट लुबिन पाहून मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली होतीच. जानेवारी 1779 ला वडगावला ते मराठ्यांपुढे शरण आले. यॉर्कटाउनला 1781 मध्ये शस्त्रे ठेवणारा कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी इकडे गव्हर्नर जनरल होऊन आला.

त्याच 1778 मध्ये पार्लमेंटने अमेरिकेतून महसुलासाठी कर घेण्याचा हक्क सोडला, चहावरचे 3 पेन्स रद्द केले, मॅसॅच्युसेट्सचा शासन कायदाही मागे घेतला. हे घेऊन लॉर्ड कार्लाइलचे शिष्टमंडळ जूनमध्ये फिलाडेल्फियात उतरले. शहर तेव्हा ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात होते, पण गाड्या भरल्या जात होत्या. 18 जूनला सैन्य निघून गेले. 1774 मध्ये काँग्रेसने जे जे मागितले होते ते जवळजवळ सगळे त्या कागदांत होते. काँग्रेसने 17 जूनला उत्तर कळवले: आधी स्वातंत्र्य मान्य करा किंवा फौजा माघारी न्या, मग बोलू.